ज्वारीची परीक्षा

आमच्या घरीं पंगतीस बसल्यावर वाद निघे तो ज्वारीचा. तीर्थरूपांचा पक्ष मालदांडीचा. आमचा, नुकतेच कृषिमहाविद्यालयांतून बाहेर पडलों होतों म्हणून, अर्थातच नव्या वाणाचा. मालदांडी हीही सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळच्या संशोधनकेंद्रावर स्थानिक ज्वारींतून पारखून निवडलेली, हें आम्ही जाणत होतों. परंतु तरुणपणीं जाणणें निराळें आणि मानणें निराळें!

१९७८ सालच्या रब्बींत आम्हीं शेतांतच निकाल लावावयाचें ठरविलें. ओढ्याकडील अर्ध्या भागांत नवा वाण पेरला, माळाकडील अर्ध्यांत मालदांडी. मळणीनंतर नव्याची रास दीडपट भरली. आम्हीं ती गोष्ट गांवभर सांगितली, आणि शेजारच्या तात्यांनीं पुढल्या वर्षीं आपलें सारें बरड रान आमच्या शब्दावर त्या वाणानें पेरलें. पीक खुरटलें, कणसें पोचट निघालीं. तात्या रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "दाणं तुम्ही मोजलं, कडबा मोजला व्हता का?" उन्हाळ्यांत त्यांनीं एक बैल विकला.

त्यानंतर पानसे आणि सुखात्मे या दोघां मराठी संख्याशास्त्रज्ञांचें १९५४ सालचें इंग्रजी पुस्तक आम्हीं पुन्हां उघडलें. पूर्वीं तें उत्तीर्ण होण्यापुरतेंच वाचलें होतें. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १९१९ पासून काम करणाऱ्या फिशरनें घालून दिलेली रीत त्यांत आहे. जमीन सर्वत्र सारखी कधींच नसते. म्हणून शेताचे पट्टे पाडावे, प्रत्येक पट्ट्यांत प्रत्येक वाण असावा, आणि त्यांत कोणास कोणती जागा हें आपल्या आवडीनें नव्हे, चिठ्ठी टाकून ठरवावें. एकाच वाणाचे तुकडे आपसांत जेवढे भिन्न निघतात, त्याच्या मानानें दोन वाणांतील फरक बराच मोठा असेल, तरच तो वाणाचा गुण म्हणावा. आमच्या शेतांत जिंकला होता तो वाण नव्हे, ओढ्याकांठची काळी माती!

१९८० सालीं आम्हीं चार वाणांचे सहा पट्ट्यांत चोवीस तुकडे आंखले. तीन पट्टे काळ्या रानांत, तीन बरडांत. चिठ्ठ्या मातोश्रींनीं देवापुढें बसून काढल्या. फिशरसाहेबांची त्यास हरकत नसावी. कडेच्या ओळींस ऊन-वारा अधिक मिळतो, म्हणून त्या वगळून कापणी केली. दाणा आणि वाळलेला कडबा निरनिराळा तोलला. भाकरीही थापून पाहिल्या. काळ्या रानांत नवा वाण दाण्यास किंचित् पुढें होता, पण तो फरक गणितांत टिकला नाहीं. बरडांत मालदांडी दाणा व कडबा दोहोंतही स्पष्ट सरस ठरली. तीर्थरूपांनीं आंकड्यांचा कागद वाचला, चष्मा काढला आणि आणखी एक भाकरी मागितली.

एका वर्षाच्या पावसावर विसंबूं नये म्हणून पुढल्या रब्बीस तीच परीक्षा आम्हीं पुन्हां लावली. त्या वेळीं चिठ्ठ्या काढावयास तात्या आले होते. पिशवींत हात घालण्यापूर्वीं त्यांनीं ती उलटी केली आणि एकेक चिठ्ठी उघडून पाहिली.