उघड्या पिकअपचा मी वकील होतो

पुण्याहून जुन्या मोटारसायकली आणायच्या आणि हिंगोलीत विकायच्या, हा माझा धंदा. चारशे किलोमीटरच्या वरची वाट. या वाटेला उघडी पिकअप पुरे की बंद बॉडी हवी, हा वाद निघाला की मी उघडीच्या बाजूनं भांडायचो. एका मित्रानं बंद बॉडी घेतली तेव्हा त्याला विचारलंही होतं, "मालक, पेटीत बसवून नवरी आणायलाव की गाडी?"

माझी कारणं पोकळ नव्हती. पेटीचं वजन वाढतं तेवढा माल कमी बसतो. उंच बॉडीला वारा अडतो, डिझेल जास्त लागतं. शिवाय पुण्याला रिकामं कशाला जायचं? वसमतच्या हळदीचं, नाहीतर सोयाबीनचं भाडं मिळतं, आणि पोत्यांची थप्पी मारायला हमालांना उघडीच बरी पडते. येताना त्याच फळ्यावर स्प्लेंडर चढवायच्या. एकशेबारा किलोची गाडी, दोघांनी धरली की वर. मध्ये गोणपाट कोंबायचं, नायलॉनची दोरी आवळायची, निघायचं. पावसात नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून जालन्याला चहा घेताना पुन्हा आवळायचं. ओरखडा पडलाच तरी गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकून भाव करायचं.

आता गिऱ्हाईक वेगळं आहे आणि गाडीही. पोरांना बुलेट हवी असते. क्लासिक ३५० म्हटलं तर १९५ किलो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, सेन्सर वाढले. एबीएसची बारीक वायर तर थेट चाकापाशी उतरते, त्यामुळे चाकातून दोरी ओवायची आमची जुनी पद्धत तिथं चालत नाही. आणि घेणारा आधी मोबाइलची बॅटरी लावून टाकीवरचे ओरखडे शोधतो.

तरीही मी ताडपत्रीवर भागवत होतो. मत फिरलं ते शोरूमसमोर नव्या गाड्यांचा कंटेनर रिकामा होताना पाहून. छताकडे माझं लक्षच गेलं नाही, मी खाली बघत होतो. प्रत्येक चाकाला लोखंडी चॅनेल. साइड स्टँडवर एकही गाडी नाही. दोन्ही बाजूंनी बेल्ट खाली ओढून पुढचे शॉकअप थोडे दाबलेले, म्हणजे खड्ड्यात गाडी उसळली तरी बेल्ट ढिला पडत नाही. एकीचं तोंड पुढे, शेजारचीचं मागे, त्यामुळे हँडलला हँडल घासत नाही.

असे चॅनेल माझ्या पिकअपमध्ये का नव्हते? पोत्यांसाठी फळा सपाट लागतो म्हणून. फळा सपाट ठेवला की मोटारसायकल मिळेल त्या कडीला बांधावी लागते. चॅनेल वेल्ड केले की पोत्यांचं भाडं गेलं. आणि भाडं गेलं, तर उघडी ठेवण्याचं माझं सगळ्यात मोठं कारणच गेलं. मग वर पत्रा का नको?

जीपमागे ओढायचा बंद ट्रेलरही डोक्यात होता. पण त्याची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, आणि आमच्या गल्लीत तो रिव्हर्स घ्यायचा म्हणजे अर्धा मोहल्ला गोळा. म्हणून पिकअपवरच बंद बॉडी बसवली आणि बदलाची नोंद आरसीवर करून घेतली. पेट्रोलची वाफ कोंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना खाली-वर जाळ्या ठेवल्या. मागचा दरवाजा खाली पडून त्याचाच उतार होतो, त्यामुळे बुलेट चढवायला माणसं बोलवावी लागत नाहीत.

जाताना आता भाडं मिळत नाही, डिझेलही जास्त जातं. तो खर्च मी गाडीच्या किमतीत धरतो, आणि बिनओरखड्याच्या गाडीला तेवढी किंमत मिळते. सेनगावच्या रस्त्यावर बंद पडलेली स्प्लेंडर गॅरेजला आणायची असेल, तर आजही कोणाचीही उघडी पिकअप बोलवा म्हणून सांगतो. दहा-पंधरा किलोमीटरसाठी पेटी कशाला? पण एकाच कामासाठी गाडी घेत असाल, तर छताच्या आधी फळ्याचा विचार करा. मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नवरी उतरली का नीट?"