समासातली खूण

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने केलेली खूण ही मोठी अवघड गोष्ट असते. पुस्तक आवडलेला माणूस पत्र लिहितो, रस्त्यात भेटला तर हात धरून चार शब्द बोलतो. खूण करणारा मात्र काहीच बोलत नाही. मास्तरकी करताना मी मुलांच्या वह्यांत अशा खुणा हजारांनी केल्या. पण माझ्याच कादंबरीत कुणी तशी खूण करील, असे कधी मनात आले नव्हते.

ती केली होती आमच्या शेजारच्या काकांनी. काका बेने इस्राएल समाजातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कुलाबा जिल्ह्यात 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्यापैकी. मुले-नातवंडे इस्राएलला गेली. काका नारळीच्या चार झाडांपायी मागे राहिले. माझ्या कादंबरीतही असाच एक म्हातारा तेली होता. शेवटच्या दुखण्यात तो यशया संदेष्ट्याचा त्रेपन्नावा अध्याय वाचतो. दुसऱ्यांच्या अपराधांचे ओझे मुकाट्याने वाहणारा त्यातला सेवक म्हणजे येशू ख्रिस्तच, हे उमगून त्याचे डोळे भरून येतात, असा प्रसंग मी रंगवला होता. वाचकांना तो फार आवडला. काकांनी पुस्तक परत केले, तेव्हा त्या पानाच्या समासात एक प्रश्नचिन्ह होते. बस्स!

तो अध्याय मला प्रथम वाचून दाखवला तो आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी. सर ख्रिस्ती. नाताळात त्यांच्या घरचे डबे आमच्याकडे येतात, दिवाळीत आमचे त्यांच्याकडे जातात. सरांनी नव्या करारातली एक गोष्टही सांगितली होती. हबशी देशाचा एक अंमलदार रथात बसून हाच अध्याय वाचीत होता. संदेष्टा हे स्वतःविषयी म्हणतो की दुसऱ्या कुणाविषयी, असे त्याने वाटेत भेटलेल्या फिलिप्पाला विचारले. फिलिप्पाने त्याला येशूची हकिकत सांगितली. मला ते उत्तर इतके पटले की, दुसरेही उत्तर असू शकेल ही शंकाच आली नाही.

चार दिवस धीर गोळा करून मी काकांच्या ओटीवर गेलो. म्हटले, "काका, काही चुकले का?"

काका हसले. "मास्तर, तुमचा तेली जन्मभर आपल्या घरात राहिला आणि मरताना दुसऱ्याच्या घरात शिरला."

मग त्यांनी आतून जुना हिब्रू ग्रंथ आणला. आधीच्या अध्यायांवर बोट ठेवून दाखवले की, तिथे देव सेवकाला नाव घेऊन हाक मारतो आणि ते नाव आहे इस्राएल. सेवक म्हणजे सबंध लोकसमूह. देशोधडीला लागलेला, राष्ट्राराष्ट्रांत हेटाळला गेलेला. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे थोर भाष्यकार होऊन गेले, त्यांनी असाच अर्थ लावला. "पण आमच्यातही सगळे एकमताचे नाहीत हो," काका म्हणाले. जुन्या अरामी भाषांतरात त्या सेवकाला मशियाह म्हटले आहे. मात्र दुःखाचा भाग त्याच्याकडून काढून इतरांवर टाकला आहे. मशियाह म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. "आम्हा तेल्यांना शोभणारा शब्द! तो दावीदाच्या वंशातला राजा व्हायचा, पांगलेले लोक गोळा करायचा, तलवारींचे नांगर व्हायचे. झाले का तसे? म्हणून आम्ही अजून वाट बघतो."

मी दुसरा दाखला काढला. कुमारीला पुत्र होईल, असे यशयाच सांगतो ना? काकांनी उलट विचारले, "शाळेच्या हजेरीपटात मुलींच्या नावाआधी तुम्ही 'कुमारी' लिहिता, ते कशाच्या अर्थाने?" मूळ शब्द 'अल्मा', म्हणजे तरुणी. आणि प्रसंग आहाज राजाचा. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात दोन शत्रुराजे यरुशलेमवर चालून आले, तेव्हा यशयाने घाबरलेल्या राजाला ही खूण दिली: मूल जाणते होण्याआधी ते दोन्ही शत्रू नाहीसे होतील. पुढे खुद्द यहुद्यांनीच ग्रीक भाषांतर केले, त्यात त्या जागी 'पार्थेनॉस' म्हणजे कुमारिका हा शब्द आला. मत्तयाने तोच घेतला आणि येशूच्या जन्मकथेला जोडला. 1947 साली मृत समुद्राकाठच्या गुहेत यशयाची दोन हजार वर्षांपूर्वीची गुंडाळी सापडली, तिच्यातही 'अल्मा'च आहे. 1952 साली अमेरिकेत एका नव्या इंग्रजी भाषांतराने 'तरुणी' असे छापले, तेव्हा एका धर्मोपदेशकाने ते पान जाळले होते!

हे सारे मी सरांना सांगितले. वाटले होते, ते रागावतील. पण ते शांतपणे म्हणाले, "आहाजाला दिलेली खूण आहाजासाठी होती, हे मलाही मान्य आहे. पण ज्यांना ख्रिस्त भेटला, त्यांनी जुनी पाने पुन्हा उघडली तेव्हा त्यांना तिथे तोच दिसला. आम्ही शेवटापासून मागे वाचतो."

मी कादंबरीकार, हे मला चटकन कळले. शेवट ठाऊक असला की पहिल्या प्रकरणातली किरकोळ वाक्येही बोलू लागतात. सरांच्या हाती शेवटचे प्रकरण आले आहे. काकांच्या मते ते अजून छापूनच झालेले नाही. पुस्तक एकच, आणि दोघेही ते जीव लावून वाचतात.

अनर्थ होतो तो एकाने दुसऱ्याच्या हातातले पान बळाने उलटले म्हणजे. 1263 साली बार्सिलोनाला राजासमोर रब्बी नाहमानिदीस यांना याच भविष्यवाण्यांवर वाद करायला बोलावले. मशियाह आला असेल तर जगातला रक्तपात का थांबला नाही, असे त्यांनी राजाच्या तोंडावर विचारले. पुढे त्या म्हाताऱ्याला देश सोडावा लागला. आपल्याकडे मुंबईत पाद्री जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. धर्मांतराची आशा असलेल्या मिशनऱ्यांकडून बेने इस्राएल हिब्रू शिकले आणि आपला धर्म अधिक घट्ट धरून राहिले. माझ्याजवळ राजसत्ता नव्हती, पण लेखणी होती. मरणाऱ्या माणसाच्या हातातले पान मीही उलटलेच होते.

दुसऱ्या आवृत्तीत मी तो प्रसंग बदलला. आता माझा तेली तोच अध्याय वाचताना नवगावच्या किनाऱ्याकडे पाहतो. गलबत फुटून बुडालेले त्यांचे पूर्वज तिथे पुरले आहेत आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. तो पुस्तक मिटतो आणि वाट पाहत डोळे मिटतो. सरांना मी हे आधी दाखवले. ते म्हणाले, "पहिला शेवट मला प्रिय होता. पण हा त्याचा आहे."

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर ते पुस्तक काकांकडे पाठवले. भाऊबिजेला परत आले. धडधडत्या छातीने मी ते पान उघडले. समासात पुन्हा पेन्सिलीची खूण!

नीट पाहिले. माझा एक ऱ्हस्व काकांनी दीर्घ करून दिला होता.