बंगळूरची कॉफीपुडी

बंगळूरच्या गांधी बाजारात फुलांच्या राशींमधून वाट काढत जाताना मोगऱ्याच्या वासात मध्येच एक खमंग, किंचित करपट वास मिसळतो. मल्लेश्वरम, जयनगर यांसारख्या जुन्या वस्त्यांतही तो भेटतो. त्या वासाचा माग काढला, की कॉफी दळून देणारे एखादे छोटे दुकान सापडते. काही दुकानदार आपल्याच भट्टीत बिया भाजतात, तर काही भाजलेला माल बाहेरून आणतात. दळण मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होते.

आपल्याकडे पिठाच्या गिरणीचे जे स्थान, तेच इथे या दुकानाचे. कन्नडमध्ये ‘पुडी’ म्हणजे पूड. आपल्याकडे पुडी म्हणजे कागदात बांधलेली वस्तू. इथे दोन्ही अर्थ एकदमच हाती पडतात! घराघराचे प्रमाण वेगळे. कुणाला पीबेरी हवी, म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. कुणी वासासाठी अरेबिका आणि दाटपणासाठी रोबस्टा मिसळून घेतो. कुणाला चिकोरी थोडी लागते, तर कुणाला तिचे नावही नको. नेहमीच्या गिऱ्हाइकाला हे सांगावेही लागत नाही. तो दारात दिसला, की दुकानदाराचा हात आपोआप योग्य डब्याकडे जातो.

भाजणे हे सारे नजरेचे आणि कानाचे काम. हिरवट-करड्या कच्च्या बियांना कॉफीचा वास जवळजवळ नसतोच. फिरत्या पिंपात त्या तापू लागल्या की आधी पिवळ्या पडतात, मग तांबूस होतात आणि लाह्यांसारख्या तडतडू लागतात. त्यानंतरचा एकेक क्षण मोलाचा! लवकर काढल्या तर कॉफी आंबटसर लागते, उशीर झाला तर कडू. भाजताना पाणी उडून जाते, वजन सहाव्या हिश्श्याच्या आसपास घटते आणि बी मात्र फुगते.

हे शहर कॉफीचे झाले, ते मळे जवळ असल्यामुळे. बाबा बुदन या सूफी संताने सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिक्कमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगतात. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या जिल्ह्यांच्या बळावर देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. कॉफी मंडळाचे मुख्यालयही बंगळूरलाच आहे. १९४२च्या कायद्यानंतर कित्येक वर्षे मळेवाल्यांना आपला माल या मंडळाकडेच द्यावा लागे. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६मध्ये संपले. त्याच वर्षी ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले आणि तरुण मंडळींना कॉफी पिण्याची निराळी जागा मिळाली.

जुन्या जागांनीही आपली ओळख सोडली नाही. १९२४ची ‘एमटीआर’ आणि गांधी बाजारातील १९४३चे ‘विद्यार्थी भवन’ इथे डोशानंतर कॉफी घेतल्याशिवाय कुणी सहसा उठत नाही. कॉफी मंडळाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या. त्यांतील पहिली १९५७मध्ये बंगळूरमध्येच स्थापन झाली. शहराची खास रीत म्हणजे ‘बाय-टू’. एक कॉफी मागवायची आणि दोघांत वाटून घ्यायची. यात कंजुषी नाही, सोबत आहे. अर्धा पेला संपला तरी गप्पा संपत नाहीत.

पण या साऱ्याचा पाया आहे ती कोपऱ्यावरची दळणाची गिरणी. भाजलेल्या कॉफीचा वास फार दिवस टिकत नाही आणि दळल्यावर तर तो झपाट्याने उडतो. म्हणून जाणते लोक पाव किलोच्या वर पूड घेत नाहीत आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा येतात. नेमके याच नाशिवंतपणाने माणसे बांधून ठेवली आहेत. पूड दळली जाईपर्यंतच्या पाच मिनिटांत कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, हे सारे कळते. नेहमीचे आजोबा दोन आठवडे आले नाहीत, तर त्यांची चौकशी होते.

आज बंद पाकिटे महिनोन्महिने फळीवर राहतात, झटपट कॉफी चमच्याने ढवळली की तयार होते आणि पाकीट घरपोच येते. धावपळीच्या संसारात ही सोय वाईट कोण म्हणेल? मात्र घरी आलेले पाकीट आजोबांची चौकशी करीत नाही. जुन्या वस्त्यांत जागेचे भाव वाढले आहेत आणि पाव-पाव किलोच्या विक्रीवर दुकान चालवणे सोपे राहिलेले नाही. मुंबईत माटुंग्याच्या दक्षिणी वस्तीतही अशी दुकाने आहेत. ती टिकणे न टिकणे शेवटी गिऱ्हाइकाच्या पायांवर अवलंबून आहे.

तेव्हा बंगळूरला गेलात, तर नातलगांसाठी किलो-दोन किलो पूड बांधून आणण्याचा मोह टाळा. ती घरी पोचेपर्यंत निम्मा वास वाटेतच राहील. पाव किलोच घ्या, आपल्यासमोर दळून घ्या आणि दळण होईपर्यंत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी दोन शब्द बोला.