पोर्ट बार्टनचे सात दिवस

फिलिपाईन्समधील पलावान बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्ट बार्टन नावाचे लहानसे गाव आहे. गेल्या सुटीत आम्ही उभयतांनी तेथे एक आठवडा घालविला. शाळेच्या घंटेवर आयुष्य काढलेल्या मनुष्यास विश्रांतीही शिकावी लागते! पहिले दोन दिवस आम्ही पहाटेच उठून उगाच घड्याळ पाहत होतो. तिसऱ्या दिवशी मात्र माडांच्या सावलीत बसून ‘बांका’ नावाच्या होड्या न्याहाळण्यात दुपार कधी सरली, ते कळले नाही. आपल्या कोकणातील होडीस एका बाजूस उलांडी असते. बांकेस दोन्ही बाजूंस बांबूचे हात.

एके सायंकाळी घरमालकिणीच्या नातवाने आमचा हात आपल्या कपाळास टेकविला. वडीलधाऱ्यांना वंदन करण्याची ही तेथील रीत. आमचा पेशा कळताच आजी त्याला म्हणाली, ‘‘गुरो!’’ आम्ही चमकलो. टागालोग भाषेत शिक्षकास ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्यास ‘मुखा’ आणि आशेस ‘आसा’. संस्कृतातील हे शब्द शतकांपूर्वी समुद्र ओलांडून गेले. १५६५ ते १८९८ या स्पॅनिश अमदानीतही ते पुसले गेले नाहीत.

परप्रांतात आपली मराठी टिकेल काय, ही आमची जुनी चिंता. आमची कन्याच मराठी प्रश्नास हिंदीत उत्तर देते. पण शब्द टिकतात ते सभा भरविल्याने नव्हे. घरातल्या आजीच्या तोंडी ते रोज असतात म्हणून. परतल्यावर आम्ही मुलीवर रागावणे सोडले. तिच्याशी मराठीत बोलणे मात्र सोडले नाही.