दोघींचे जाते

मुक्त विद्यापीठाचे पाठ्यपुस्तक सहसा कोणी एकटा लिहीत नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने अभ्यासक्रम-गटाची पद्धत रुजवली. आपल्याकडेही घटक लिहिणारा वेगळा, संपादक वेगळा. माझ्या पहिल्या घटकाचे हस्तलिखित लाल शाईने माखून परत आले, तेव्हा मी दुखावले होते. पुढे उमगले, की ज्याच्यासमोर वर्ग नाही त्या शिक्षकाला गोंधळलेला विद्यार्थी दिसत नाही; तो सहकाऱ्याच्या नजरेतूनच पाहावा लागतो.

अध्यापनात अंगवळणी पडलेली ही गोष्ट संशोधनात मात्र आम्ही विसरतो. जात्यावरच्या ओव्यांतील माहेर या विषयावर मी सहा वर्षे काम करीत होते. मराठवाड्यातील अभ्यासकेंद्रांवर येणाऱ्या विद्यार्थिनी आपल्या आजीच्या ओव्या लिहून आणीत. एका तोंडी परीक्षेच्या निमित्ताने खानदेशातील एक प्राध्यापिका भेटल्या. चहा घेताना कळले, की त्याही जवळपास तितकीच वर्षे याच विषयात गुंतल्या आहेत. आणि आम्ही दोघी एकाच विद्यापीठाच्या! त्यांच्या वहीतले पाठभेद वाचताना माझा एक लाडका निष्कर्ष जागच्या जागी कोसळला. ज्याला मी मराठवाड्याचे वैशिष्ट्य समजत होते, ते तिकडेही होते. पुन्हा विचारावे म्हणून गावी निरोप धाडला, तर ती ओवी सांगणारी आजी वर्षापूर्वीच गेलेली.

दोष केवळ आमच्या संकोचाचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत संयुक्त लेखनाचे गुण सहलेखकांत वाटले जात. २०१८ च्या नियमावलीने दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के दिले. पण तिसरे नाव आले, की मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना ३० टक्के. ओव्या गोळा करणारी, पारखणारी आणि लिहिणारी अशा तिघींनी एकत्र यावे, तर हिशेबच आडवा येतो.

आणि तरीही, हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या अनेक हातांनीच. हे एकट्या अभ्यासकाच्या आवाक्यातले काम नव्हे. दूरशिक्षणाला तर गावोगावच्या विद्यार्थ्यांचे जाळे आयतेच लाभले आहे. आपण त्याचा उपयोग स्वाध्याय गोळा करण्यापुरताच करावा काय?

आता आम्ही दोघी दर महिन्याला एकमेकींना कच्ची टिपणे पाठवतो, अपुरी, चुकांसकट. पूर्वी लाज वाटे, आता वाटत नाही. जाते दोघींनी ओढले की हलके होते, हे ओव्या सांगणाऱ्या बायांना ठाऊकच होते. आम्हांला ते कळायला सहा वर्षे लागली. आमच्या पहिल्या संयुक्त लेखावर तिसरे नाव एका विद्यार्थिनीचे आहे. तिच्याच आजीची ती ओवी होती. गुणांचे काय व्हायचे ते होवो.