धुराने लिहिलेली नावे : मॅमथ गुहेतील एक दुपार

१/
मराठीत 'गुहा' आणि 'लेणे' हे दोन वेगळे शब्द आहेत. पाण्याने, काळाने घडवली ती गुहा; माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरले ते लेणे. सातारा जिल्ह्यातील एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या बाईंना हा फरक सांगायला आवडे. परंतु बेसॉल्टच्या मुलखात चुनखडीची गुहा दाखवणार कुठे? मग फळ्यावर खडूने लवणस्तंभ काढून त्या वेळ निभावून नेत.

२/
लेणी मात्र दाखवता येत. कार्ल्याच्या सहलीत एकदा एका मुलाने विचारले होते, "बाई, दान देणाऱ्यांची एवढी नावं आहेत, मग कोरणाऱ्यांची कुठं आहेत?" कार्ल्याच्या शिलालेखांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, दूरदेशीचे श्रेष्ठी आहेत. कारागीर म्हणून ठळक आठवावा असा एकच, धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार. बाईंनी तेवढे नाव सांगितले. पण उत्तर अपुरे आहे हे त्यांनाही जाणवले.

३/
निवृत्तीनंतर त्या लेकीकडे अमेरिकेत गेल्या, तेव्हा केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला. ही जगातील ज्ञात गुहांमधली सर्वांत लांब गुहा. सर्वेक्षण झालेल्या वाटाच ६८० किलोमीटरांहून अधिक भरतात आणि शोध अजून थांबलेला नाही. आत जायचे ते बहुधा तिकीट काढून, ठरल्या वेळी, गटाने, रेंजरच्या मागोमाग.

४/
बाहेर जुलैचे ऊन होते. पायऱ्या उतरून तोंडापाशी येताच गार वाऱ्याचा झोत अंगावर आला. आतले तापमान वर्षभर १२-१३ अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात आतली थंड, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर वाहते. लेकीने आणलेली शाल बाईंनी निमूटपणे पांघरली. सुमारे चाळीस जणांचा गट एका विशाल दालनात थांबला आणि बाईंनी मान वर केली. छत सपाट, कोरडे. लवणस्तंभ एकही नाही!

५/
कारण भूगोलातच होते. इथल्या चुनखडीवर वालुकाश्माचा थर आहे. घराच्या कौलांसारखा तो पाऊस अडवतो. कर्बाम्लयुक्त पाणी झिरपले तरच चुनखडी विरघळते आणि थेंबाथेंबाने पुन्हा साचून स्तंभ उभे राहतात. भूमिगत नद्यांनी कोरलेल्या या वाटा, नद्या खाली सरकल्यावर कोरड्या पडल्या आणि छप्पर शाबूत असल्याने कोरड्याच राहिल्या. स्तंभ दिसतात ते हे छप्पर झिजलेल्या भागांत.

६/
कोरडेपणामुळे जे टिकले ते मात्र वेगळेच होते. १८१२च्या युद्धकाळात बंदुकीच्या दारूसाठी इथल्या मातीतून सोरा काढला जाई. त्यासाठीचे लाकडी हौद आणि पोकळ ओंडक्यांचे नळ आजही जागेवर आहेत. ते काम करणारे गुलाम होते. रेंजरने हे सांगितले तेव्हा गटातील कुजबुज थांबली. युद्ध संपल्यावर सोऱ्याचा भाव कोसळला आणि १८१६पासून गुहा दाखवण्याचा व्यवसाय सुरू झाला.

७/
१८३८ साली फ्रँकलिन गोरिन या वकिलाने गुहा विकत घेतली आणि वाट्याड्या म्हणून स्टीफन बिशप या सतरा वर्षांच्या गुलाम मुलाला आणले. तोवर 'अथांग गर्ता' या नावाच्या खड्ड्यापाशी सगळ्यांचे पाऊल थांबत असे. त्याच वर्षी स्टीफनने एका पर्यटकाच्या साथीने ती गर्ता ओलांडली. पलीकडे मैलोगणती वाटा होत्या, नद्या होत्या, त्यांत डोळे नसलेले मासे होते. आज तिथे लोखंडी पूल आहे. कठडा घट्ट धरून बाईंनी खाली पाहिले. खोली तीस मीटरांहून अधिक.

८/
पुढच्याच वर्षी डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली आणि स्टीफनही त्यांच्या मालकीचा झाला. १८४२ साली क्रोगन यांच्या लुईव्हिल येथील निवासस्थानी बसून त्याने स्मरणातून गुहेचा नकाशा काढला. १८४५ साली गुहेवरील एका पुस्तकासोबत तो छापला गेला आणि नकाशावर कर्ता म्हणून त्याचे नाव आले. ज्याचा देह दुसऱ्याची मालमत्ता होता, त्याची कृती मात्र त्याच्याच नावाने जगापुढे गेली.

९/
क्रोगन यांची आणखी एक खूण वाटेत लागली : दगडी झोपड्या. गुहेच्या स्थिर हवेत क्षय बरा होईल या समजुतीने त्यांनी १८४२-४३च्या हिवाळ्यात रुग्णांना आत ठेवले. अंधार, ओलसर गारठा आणि चुलीचा धूर. रुग्ण खालावले, काही दगावले, प्रयोग गुंडाळावा लागला. १८४९ साली खुद्द क्रोगन क्षयानेच वारले.

१०/
पुढे एका दालनाचे छत नावांनी काळवंडलेले दिसले. बाईंना अजिंठ्याचे दहावे लेणे आठवले. तिथे जॉन स्मिथने १८१९ साली आपले नाव असेच कोरून ठेवले आहे. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. पण रेंजरने खुलासा केला : काठीला मेणबत्ती बांधून तिच्या धुराने पर्यटकांची नावे लिहून देणे हे वाट्याड्यांचेच काम होते. त्याची बक्षिसी मिळे. आणि या हौशी नावांमध्ये कुठे कुठे वाट्याड्यांनी आपलीही नावे लिहिली आहेत. स्टीफनचेही आहे.

११/
मग रेंजरने दिवे मालवले. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसेना. एक लहान मूल रडू लागले तेव्हा कुणीतरी काडी ओढली आणि त्या एका ज्योतीत चाळीस चेहरे पुन्हा उजळले. स्टीफन याहून मोठा दिवा घेऊन फिरत नसे, एवढेच रेंजर म्हणाला.

१२/
क्रोगन यांच्या मृत्युपत्रानुसार सात वर्षांनी, १८५६ साली, स्टीफन मुक्त झाला. १८५७मध्ये तो वारला. वय जेमतेम छत्तीस-सदतीस. १८८१ साली एका श्रीमंत पर्यटकाने त्याच्या कबरीवर शिळा बसवली. ती एका सैनिकाच्या थडग्यासाठी घडवलेली, जुनी. तिच्यावर मृत्यूचे साल १८५९ कोरले आहे; दोन वर्षांनी चुकलेले.

१३/
त्याचे सहकारी मॅट आणि निक ब्रान्सफर्ड हेही गुलाम, मालकाने भाड्याने दिलेले. मॅटच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या ही गुहा दाखवली. १९४१ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा कृष्णवर्णीय वाट्याड्यांना नव्या व्यवस्थेत जागा मिळाली नाही. त्या घराण्यातील माणूस पुन्हा वाट्याड्या म्हणून आत उतरला तो २००४ साली.

१४/
बाहेर पडताना सगळ्यांना साबणपाण्याच्या पट्ट्यांवरून चालावे लागले. वटवाघळांना मारणारी बुरशी पादत्राणांतून इतरत्र जाऊ नये म्हणून. बस सुटायला अर्धा तास होता. लेक चहा शोधायला गेली आणि बाई एकट्याच झाडीतल्या पायवाटेने जुन्या वाट्याड्यांच्या दफनभूमीकडे गेल्या. शिळेवरील चुकीचे साल त्यांनी दोनदा वाचले. शिक्षिकेचा हात खडूसाठी शिवशिवला असावा.

१५/
त्या रात्री त्यांनी शाळेतील आपल्या जागी आलेल्या शिक्षिकेला संदेश पाठवला : "यंदा कार्ल्याला मुलांना नेशील तेव्हा दरवाजापाशी थांब. सामी सुताराचं नाव आधी वाचून दाखव, श्रेष्ठींची नंतर."