इचेनच्या काठीं

इंग्लंडांत हँपशायर परगण्यांतील विंचेस्टर शहरीं जाणारा प्रवासी तेथील भव्य कॅथीड्रल पाहतोच. 'दि कंप्लीट अँग्लर' या १६५३ सालच्या मत्स्यवेधावरील ग्रंथाचे कर्ते आयझाक वॉल्टन यांचें थडगें तेथेंच आहे. तें पाहून आम्ही जवळूनच वाहणाऱ्या इचेन नदीच्या काठानें फिरत गेलों.

खडूच्या टेकड्यांत मुरलेल्या पावसाच्या झऱ्यांवर ही नदी पोसलेली आहे. पाणी इतकें निर्मळ, कीं तळाचा एकेक खडा दिसावा. येथें ट्राउट मासा गळावर पिसें बांधून केलेल्या कृत्रिम माशीनें धरतात. आम्हां शाकाहारी मंडळींस माशाचें अप्रूप नाहीं. परंतु त्या लोकांची निरीक्षणशक्ति मात्र घेण्याजोगी वाटली.

खरी माशी पाण्याखालीं अळीरूपानें वाढते. मेफ्लाय तर सुमारें दोन वर्षें गाळांत काढते आणि पंख फुटल्यावर एकदोन दिवसांतच मरते. तिच्या वर्गाच्या ग्रीक नांवाचा अर्थच 'एक दिवस टिकणारी' असा आहे.

आतां गळावरील माशी बदलावी केव्हां? मासा जवळ येऊन परत फिरला, म्हणून जाणता मनुष्य लगेच पेटी उघडीत नाहीं. दोरीच्या ओढीनें माशी प्रवाहास सोडून तिरकी जात नाहीं ना, हें तो आधीं पाहतो. तसें असेल, तर पेटींतल्या शंभर माश्याही व्यर्थ. माशी सहज वाहत असूनही माशानें दोनतीनदां नाकारली, तर त्याच रूपाची लहान माशी तो लावतो. मासा वर उसळतो, पण पाण्यावर बुडबुडा राहत नाहीं, तर तो बहुधा पृष्ठाखालींच खात असतो. तेव्हां अळीचें रूप योजावें. आणि माशानें खाणेंच थांबविलें, तर तो भ्यालेला असावा. तेथें स्वस्थ बसणें हाच उपाय.

या अळीवरून मोठा वाद माजला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनीं १८८६ सालीं तरंगत्या माशीवर ग्रंथ लिहिला. विंचेस्टरलाच शिकलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनीं १९१० सालीं अळीचा पक्ष मांडला. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत त्यावर रीतसर वादविवाद झाला. अजूनही कांहीं ठिकाणीं अळीला वर्षांतील ठराविक काळच मुभा असते.

दोष साधनाचा कीं योजनेचा, हें ठरविल्यावांचून साधन बदलूं नये, असा या विद्येचा सारांश आम्हांस दिसला. मुलास धडा उमगला नाहीं कीं लगेच पुस्तक, शिकवणी किंवा शाळा बदलणाऱ्या पालकांनीं तो अवश्य ध्यानांत घ्यावा.